कॅलिफोर्नियात गरोदरपणात अडचण आली तर: पगार, रजा आणि नोकरी सांभाळायची कशी

पुण्यात किंवा ठाण्यात नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक असते: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पगारी, आणि अर्ज एचआरकडे. गरोदरपणामुळे आजारपण आलं तर कायद्याने वर आणखी एक महिना. तीच बाई फ्रीमाँट किंवा सनीव्हेलला येऊन नोकरीला लागली की तिला वाटतं, इथेही असंच एखादं खातं असेल, फक्त आठवडे कमी असतील.

इथे असं एक खातं नाही. पैसे येतात राज्याच्या विम्यातून. नोकरी टिकण्याची हमी देतात दोन वेगळे कायदे, आणि त्यांच्या अटीही वेगळ्या. आरोग्यविमा चालू राहतो तो कंपनीकडून, या कायद्यांच्या आधाराने. ईडीडीने, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याने, पैसे मंजूर केले म्हणून कंपनीने रजा मंजूर केली असं होत नाही, उलटही नाही. सगळं सुरळीत चाललं तर हा फरक जाणवत नाही. चोविसाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून काम बंद," की जाणवतो. म्हणून ही कामं ज्या क्रमाने करायला लागतात, त्याच क्रमाने खाली लिहिलं आहे.

पहिलं काम: पगाराची स्लिप बघा

हे दिवस राहिल्याबरोबर करा, अडचणीची वाट बघू नका. स्लिपवर सीए एसडीआय किंवा सीएएसडीआय अशी कपात दिसली पाहिजे. एसडीआय म्हणजे राज्याचा डिसॅबिलिटी विमा. त्याचा हप्ता तुमच्याच पगारातून जातो: २०२५ साली तो १.२ टक्के होता, आणि २०२४ पासून त्याला पगाराची वरची मर्यादा उरलेली नाही. हा विमा कोणाची मेहेरबानी नाही, तुम्ही भरलेला आहे. व्हिसा एच-१बी आहे, एच-४ वर काम करण्याची परवानगी आहे की ग्रीन कार्ड, यावर तो अवलंबून नसतो.

एसडीआयऐवजी व्हीपीडीआय किंवा व्हीडीआय दिसलं, तर तुमच्या कंपनीने राज्याच्या योजनेऐवजी स्वतःची योजना घेतलेली आहे. तिचा लाभ राज्याच्या योजनेपेक्षा कमी असू शकत नाही, पण अर्ज ईडीडीकडे नाही, त्या योजनेकडे करायचा. कपातच दिसत नसेल तर लगेच विचारा. सरकारी शाळांतल्या बऱ्याच शिक्षिका या विम्यात नसतात. ज्यांना पगाराऐवजी १०९९ फॉर्मवर, म्हणजे कंत्राटदार म्हणून, पैसे मिळतात त्यांनी स्वतःहून भाग घेतला नसेल तर त्याही नसतात.

कन्सल्टन्सीमार्फत काम करत असाल, तर तुमची मालक ती कन्सल्टन्सी. रोज ज्यांच्याकडे बसता त्या क्लायंटच्या मॅनेजरला कल्पना द्या, पण रजेचा अर्ज कन्सल्टन्सीच्या एचआरकडेच गेला पाहिजे.

पैसे किती मिळतील, आणि नव्याने आलेल्यांचा घोळ

२०२५ पासून एसडीआय पगाराच्या ७० ते ९० टक्के देतो. कमी पगाराला ९० च्या जवळ, बाकीच्यांना ७०. त्या वर्षी आठवड्याची कमाल मर्यादा १,६८१ डॉलर होती. ती दरवर्षी बदलते. महिन्याला ७,००० डॉलर पगार असेल तर तिमाहीचे २१,०००, त्याला १३ आठवड्यांनी भागून ७० टक्के काढले की साधारण १,१३० डॉलर आठवड्याला. महिन्याला १२,००० मिळवणारीला हिशोबाने १,९०० च्या वर यायला हवेत, पण तिला मर्यादेवर थांबावं लागतं. गृहकर्जाचा हप्ता असेल तर हा फरक आधीच मांडून बघा.

हिशोब चालू पगारावर होत नाही. त्यासाठी १२ महिन्यांचा एक जुना काळ धरतात आणि त्यातली सर्वांत जास्त पगाराची तिमाही घेतात. दावा जानेवारी ते मार्चमध्ये सुरू झाला तर आधीच्या ३० सप्टेंबरला संपलेलं वर्ष. एप्रिल ते जूनमध्ये, तर ३१ डिसेंबरला संपलेलं. जुलै ते सप्टेंबरमध्ये, तर ३१ मार्चला. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तर ३० जूनला. त्या काळात एसडीआय कापलेला पगार किमान ३०० डॉलर हवा. अट किरकोळ दिसते, पण नव्याने आलेल्यांची गाडी इथेच अडते.

समजा एखादी जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात नोकरीला लागली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दावा सुरू झाला, तर हिशोबात तिचा फक्त जूनचा पगार येतो आणि आठवड्याची रक्कम अगदी कमी बसते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला, तर जुलै ते सप्टेंबरची पूर्ण तिमाही धरली जाते. काम कधी बंद करायचं हे डॉक्टर ठरवतात, त्यात खोटेपणा करू नका. पण तारीख तिमाहीच्या काठावर असेल, तर मधले चार दिवस शिल्लक सिक लीव्हवर काढून दाव्याची सुरुवात पुढे नेता येते का, हे अर्ज भरण्याआधी बघा. दावा एकदा वैध ठरला की सुरुवातीची तारीख बदलता येत नाही.

दुसरं काम: डॉक्टरांशी तारखेबद्दल बोलणं

अडचण नसलेल्या बाळंतपणात एसडीआय अपेक्षित तारखेच्या चार आठवडे आधीपासून मिळतो आणि नंतर नॉर्मल असेल तर सहा, सिझेरियन असेल तर आठ आठवडे. आपल्याकडचा सव्वा महिना इथल्या सहा आठवड्यांच्या जवळपास बसतो, त्यामुळे साबांना पटवायला तेवढी अडचण येत नाही. अडचण आली की ही चौकट मोडते. बीपी वाढलं, वार खाली आहे, पिशवीच्या तोंडाला टाका घातला, साखर आटोक्यात येत नाही, उलट्यांनी पाणी पोटात ठरत नाही, बाळंतपणानंतर मनाची अवस्था बिघडली: यातल्या कशानेही तुम्ही नेहमीचं काम करू शकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर विमा त्या दिवसापासून लागू होतो. एका दाव्यावर जास्तीत जास्त ५२ आठवड्यांचे पैसे मिळू शकतात.

"नेहमीचं काम" हे शब्द ध्यानात ठेवा. फार्मसीत दिवसभर उभं राहणारीची आणि घरून कोड लिहिणारीची कसोटी एक नाही. डॉक्टर हल्ली सरसकट पडून राहायला सांगत नाहीत. "जपून राहा, जास्त उभं राहू नका" एवढंच म्हणतात. तेवढ्यावर घरून काम करणारीला दाखला मिळेलच असं नाही. म्हणून तुमचं काम प्रत्यक्षात कसं असतं ते डॉक्टरांना सांगा: किती तास बसणं, रात्रीचे भारताबरोबरचे कॉल, ऑफिसला जायला लागणारा वेळ, आठवड्यातल्या दोन मॉनिटरिंगच्या अपॉइंटमेंट. पूर्ण बंद नको असेल तर अर्ध्या वेळेचा दाखला मागता येतो. तेव्हा पगार जितका बुडेल त्यानुसार विमा थोडी भरपाई देतो.

मोठ्या हॉस्पिटलांत हे फॉर्म भरायचा विभाग वेगळा असतो आणि तो सावकाश चालतो. डॉक्टर तपासणीत हो म्हणाले म्हणजे कागद निघाला असं समजू नका. त्या विभागाचा फोन नंबर त्याच दिवशी घेऊन ठेवा.

तिसरं काम: कंपनीला लेखी कळवा

नोकरीची हमी देणारा पहिला कायदा पीडीएल, म्हणजे गरोदरपणातल्या असमर्थतेची रजा. कंपनीत पाच किंवा जास्त माणसं असली की लागू. तिथे किती महिने झाले याची अट नाही. काल रुजू झालेलीलाही मिळते. मर्यादा चार महिन्यांची, म्हणजे साधारण १७ आठवडे आणि वर दोन-तीन दिवस. सलग घ्यायची सक्ती नाही. उलट्यांचे दोन दिवस, मॉनिटरिंगची अर्धी दुपार, अशी तुकड्यांनीही घेता येते. एवढ्या काळात कंपनीला आरोग्यविमा आधीच्याच अटींवर चालू ठेवावा लागतो, मात्र तुमचा वाटा तुम्ही भरत राहायचा. तो पगारातून कापला जायचा आणि आता पगारच नाही, तेव्हा तो कसा भरायचा हे एचआरला ईमेलवर विचारून घ्या. हप्ता चुकला म्हणून विमा बंद पडण्याची वेळ यासाठीच येते.

आधी माहीत असेल तर ३० दिवसांची सूचना द्यायची. अचानक आलं तर शक्य तितक्या लवकर. हॉस्पिटलच्या खाटेवरून नवऱ्याने तुमच्या नावाने केलेला ईमेलही चालतो. त्यात इतकंच हवं: गरोदरपणामुळे डॉक्टरांनी अमुक तारखेपासून काम करण्यास मनाई केली आहे, मला पीडीएल हवी, दाखला पाठवते. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. आपल्याकडे "सगळं मोकळेपणाने सांगून टाकू, माणसं चांगली आहेत" अशी वृत्ती असते. माणसं चांगली असतीलही, पण वार खाली आहे की वर, हे मॅनेजरला कळून रजेला काही उपयोग नाही.

कंपनी पीडीएलमध्ये तुम्हाला सिक लीव्ह वापरायला लावू शकते. सुट्टीचे साठलेले दिवस मात्र जबरदस्तीने वापरायला लावू शकत नाही. ते वापरायचे की नाही, तुमची मर्जी. एसडीआयच्या रकमेवर उरलेला पगार सिक लीव्हमधून भरून काढायची सोय कंपनीत आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असते.

रजा सुरू झाली की लॅपटॉप बंद. "एवढं एकच डिप्लॉयमेंट बघून देते" हा मोह आपल्या बायकांना फार होतो. त्या तासांचा पगार ईडीडीला कळवावा लागतो, आणि काम करू शकत नाही असं सांगून केलेलं काम पुढे गळ्याशी येतं.

चौथं काम: ईडीडीचा दावा

दावा असमर्थता सुरू झाल्यावर नऊ दिवसांच्या आत करता येत नाही आणि ४९ दिवसांनंतर गेला तर पैसे कापले जाऊ शकतात. पहिल्या सात दिवसांचे पैसे मिळत नाहीत. तो आठवडा सिक लीव्हवर काढायचा.

ऑनलाइन खातं मायईडीडीवर उघडायचं. ओळख पटवायला आयडी.मी नावाची सेवा वापरतात, आणि आपल्या नावांची कसरत इथे सुरू होते. सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर लग्नानंतरचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव वडिलांचं आणि पगाराच्या स्लिपवर मधलं नावच नाही, असं अनेकींचं असतं. ही ओळख पटवण्याची पायरी दावा करायच्या दिवशी नाही, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच उरकून ठेवा. नावात फरक असेल तर दाव्यात दुसरं नाव टाकायची जागा असते, ती सोडू नका.

तुमचा भाग भरून पाठवला की एक पावती क्रमांक मिळतो. तो डॉक्टरांच्या फॉर्म विभागाला कळवायचा. ते त्यावरून वैद्यकीय भाग भरतात. दोन्ही भाग येईपर्यंत दावा पूर्ण धरला जात नाही. "सबमिट झालं" म्हणून निर्धास्त राहिल्यामुळे महिनाभर अडकलेले दावे मी पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा गाडी डॉक्टरांकडेच थांबलेली होती. दोन्ही भाग पोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत निर्णय येतो.

डॉक्टरांनी लिहिलेली तारीख संपली आणि तब्येत सुधारली नसेल, तर त्याच दाव्यावर मुदतवाढ मागायची. त्यासाठी डॉक्टरांचा पुरवणी दाखला लागतो. नवा दावा करू नका, त्याने गोंधळ वाढतो. बाळ झालं की तारीख आणि प्रसूती कशी झाली हे डॉक्टरांना पुन्हा कळवायला सांगा. सिझेरियनचे जादा दोन आठवडे त्यावरून मिळतात. आणि बाळाचं नाव कंपनीच्या आरोग्यविम्यात ३० दिवसांच्या आत घाला. बारशापर्यंत थांबायची मुभा नाही. बाळ एनआयसीयूत असेल तर हे काम नवऱ्यावर सोपवा आणि त्याला दोनदा आठवण करा.

चार महिने पुरत नाहीत तेव्हा

दुसरा कायदा सीएफआरए, म्हणजे राज्याचा कौटुंबिक रजेचा कायदा. त्यातून बाळासोबत राहायला १२ आठवडे मिळतात. इथेही पाच माणसांची कंपनी पुरते, पण तिथे १२ महिने नोकरी आणि मागच्या वर्षात १,२५० तास काम झालेलं हवं. केंद्राचा असाच कायदा एफएमएलए, तो ५० किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना. तो बहुधा पीडीएलच्या जोडीनेच खर्ची पडतो, म्हणून त्याला वेगळं मोजू नका. सीएफआरए मात्र पीडीएल संपल्यावर नव्याने सुरू होतो. चार महिने अधिक १२ आठवडे, अशी सातेक महिन्यांची हमी तिथून येते.

पैशांच्या बाजूला एसडीआय संपला की पीएफएल, म्हणजे कुटुंबाच्या काळजीसाठी राज्याच्या विम्यातून मिळणारे पैसे: बाळासाठी आठ आठवडे, पहिल्या वर्षात कधीही, यात न मिळणारा आठवडा नाही. आईच्या एसडीआयच्या शेवटच्या हप्त्यासोबत त्याचा अर्ज ईडीडीच देते.

आता हे दोन्ही शेजारी मांडू. वार खाली असल्यामुळे २८व्या आठवड्यात काम बंद, ३६व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन. आधीचे आठ आणि नंतरचे आठ, मिळून १६ आठवडे, पीडीएलमध्ये बसतात. मग १२ आठवडे सीएफआरए. नोकरी २८ आठवडे सुरक्षित. पैसे: १५ आठवडे एसडीआय, आठ पीएफएल. शेवटचे चार आठवडे बिनपगारी. त्यासाठी सुट्टीचे दिवस साठवून ठेवा.

आता कठीण उदाहरण. टाका घातला, २०व्या आठवड्यात काम बंद, बाळंतपण ३८व्या आठवड्यात, नॉर्मल. बाळ जन्मायच्या आत १८ आठवडे गेले. पीडीएल शेवटचा आठवडा पुरा होण्याआधीच संपली. एसडीआयचे पैसे येतच आहेत, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. पण मधल्या त्या दिवसांत नोकरीला आधार कशाचा? कायदा कंपनीला जन्माआधी सीएफआरए वापरू देण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. दुसरा मार्ग म्हणजे अपंगत्वासंबंधी कायद्याखाली सोयीची मागणी म्हणून थोडी जादा रजा मागणं. कंपनीला त्यावर तुमच्याशी चर्चा करावी लागते आणि अवाजवी भार पडत असल्याशिवाय सरळ नाही म्हणता येत नाही. ही मागणी १४व्या-१५व्या आठवड्याच्या रजेतच लेखी करा, शेवटच्या दिवशी नको. जन्मानंतर लगेच सीएफआरए सुरू होईल, म्हणजे तुमच्या अंगावरची ओल सुकायचे सहा आठवडेही त्या बारातूनच जातील.

आणि जिला नोकरीत वर्ष झालेलं नाही, तिला सीएफआरए नाही. पीएफएलचे पैसे मिळतील, पण ते आठ आठवडे नोकरीची हमी नसेल. "ईडीडीने मंजूर केलं" हे ऐकून घरात बसून राहिलेल्या मैत्रिणीला हे आधी सांगायला हवं. कंपनीकडून त्या आठवड्यांची मंजुरी ईमेलवर घ्या.

नवरा, आई आणि व्हिसा

नवऱ्यालाही पीएफएल मिळतो, आणि तो फक्त बाळ झाल्यावर नाही. गंभीर आजारी बायकोची काळजी घ्यायलाही घेता येतो, डॉक्टरांच्या दाखल्यावर. पण १२ महिन्यांत त्याचे सगळे मिळून आठच आठवडे. आधी वापरले तर बाळासाठी तेवढे कमी. ते सलग घ्यावे लागत नाहीत. माझ्या मते आधी दोन आणि नंतर सहा ही वाटणी बऱ्याच घरांत चालून जाते, विशेषतः आईचं विमान अपेक्षित तारखेच्या हिशोबाने काढलेलं असेल आणि अडचण दोन महिने आधी येऊन ठेपली असेल तर.

एच-१बीवरच्या बाईला बाळंतपणाच्या रजेत पगार न देणं कंपनीला चालतं, आणि नोकरीचं नातं टिकून असेपर्यंत स्टेटसही टिकतं. रजा मंजूर केल्याचं पत्र तारखांसह जपून ठेवा. पुढच्या एक्स्टेन्शनला पगाराच्या स्लिपांमध्ये खिंडार दिसतं, तेव्हा ते दाखवायला लागतं. नोकरी खरोखर गेली तर मात्र नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला कमाल ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं, रजेवर असलात तरी.

करांच्या वेळी: गरोदरपणातल्या एसडीआयवर सहसा केंद्राचा किंवा राज्याचा कर नाही. पीएफएलवर राज्याचा नाही, केंद्राचा आहे.

गर्भ टिकला नाही तर

याबद्दल आपल्यात कोणी विचारत नाही, म्हणून माहितीही होत नाही. शरीर सावरेपर्यंतच्या काळाला, मनाच्या उपचारांसह, पीडीएल लागू आहे आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर एसडीआयही. त्याशिवाय २०२४ पासून पाच किंवा जास्त माणसांच्या कंपनीत, नोकरीला ३० दिवस झालेल्यांना अशा प्रसंगी पाच दिवसांची वेगळी रजा मिळते, नवऱ्यालाही. कंपनीचं धोरण वेगळं नसेल तर ती बिनपगारी असते; साठलेली पगारी रजा वापरता येते.

नकार आला तर

ईडीडीने नाकारलं तर पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील. सुनावणी बहुधा फोनवर होते आणि दुभाषी विनामूल्य मिळतो. मराठी मागा, हिंदीवर भागवू नका. बरेचसे नकार वैद्यकीय भाग न पोचल्यामुळे किंवा तारखा न जुळल्यामुळे आलेले असतात, म्हणून आधी डॉक्टरांच्या विभागाला फोन करा. अपील चालू असताना येणारे फॉर्म भरत राहा.

कंपनीने रजा नाकारली, परत आल्यावर वेगळ्याच कामावर टाकलं किंवा रजेत असतानाच काढलं, तर तक्रार ईडीडीकडे नाही. ती राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे, तीन वर्षांच्या आत. तिथे तुमचा तो पहिला ईमेल, डॉक्टरांचा दाखला आणि कंपनीचं उत्तर लागतील. ऑफिसच्या खात्यात ठेवलेले ईमेल नोकरीवरून काढल्यावर उघडता येत नाहीत, म्हणून रजेसंबंधी पत्रव्यवहाराची प्रत पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खात्यावर पाठवत जा.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं. एडिसनला राहणारीला न्यू जर्सीचा असाच राज्याचा विमा आहे, पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, त्याला वेगळी कमाल मर्यादा. न्यूयॉर्कचा डिसॅबिलिटी विमा आठवड्याला १७० डॉलरवर थांबतो. टेक्सासमध्ये राज्याची योजनाच नाही. तिथे कंपनीची शॉर्ट-टर्म डिसॅबिलिटी पॉलिसी असेल तीच, आणि त्यातल्या काही पॉलिसी आधीपासून असलेलं गरोदरपण धरत नाहीत. ह्यूस्टनला नवी नोकरी घेताना ऑफर लेटरसोबत ती पॉलिसीही मागून घ्या.